साने गुरुजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात मी दर शनिवारी मुलांना मोठ्याने पुस्तक वाचून दाखवते. वर्षातून दोनदा, ११ जूनच्या आणि २४ डिसेंबरच्या आसपास, माझ्या फोनवर साने गुरुजींविषयीच्या प्रश्नांची रांग लागते. भाषण पाठ करणारी मुलं, सूत्रसंचालन गळ्यात पडलेल्या बाई, नातवाला पुस्तक पाठवायला निघालेले आजोबा, असे सगळे विचारतात. तीच उत्तरं टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते आहे. क्रमांक मुद्दाम दिलेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे फक्त क्रमांक दिलाय.

१. साने गुरुजींचं पूर्ण नाव काय? जन्म कधी, कुठे झाला?

पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, पालगड या गावी. पालगड, पालघर नव्हे. एका छापील भाषणसंग्रहात 'पालघर' पडलंय आणि तिथून उतरवलेली भाषणं दरवर्षी माझ्यापर्यंत येतात. एका मुलीने तर पुढे 'मुंबईजवळील' असंही जोडलं होतं. दोन्ही गावांच्या मध्ये अख्खा रायगड जिल्हा आणि मुंबई आडवी येते.

वडील सदाशिवराव, आई यशोदा. घराणं खोतांचं, पण गुरुजींच्या लहानपणीच घराला उतरती कळा लागली होती. कर्ज, वाटण्या, सावकाराचे तगादे यांचे जे प्रसंग 'श्यामची आई'मध्ये येतात ते कुठून आले, ते यावरून कळतं.

२. शिक्षण कुठे झालं?

सुरुवातीला पालगडला, मग दापोलीच्या मिशन हायस्कुलात. ही शाळा आज आल्फ्रेड गॅडने हायस्कूल या नावाने ओळखली जाते. घरची परिस्थिती ढासळल्यावर गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय होते असं ऐकून ते साताऱ्याकडच्या औंध संस्थानात गेले. तिथे प्लेग आला, तेव्हा बिऱ्हाड आवरून पुण्याला. पुण्यात नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक आणि न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आताच्या स. प. महाविद्यालयातून, पदवी. पुढे एम. ए. झाले आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात (देऊळ नव्हे, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणारी संस्था) आले.

ही यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवावी: या मुलाने शिक्षणाच्या वाटेवर बराच काळ दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांच्या ताटात जेवून काढला. त्यांच्या पुस्तकांत जेवणाचे, भुकेचे, पंक्तीत पान वाढण्याचे प्रसंग इतके का येतात, असं एका मुलाने मला विचारलं होतं. त्याला मी औंधची गोष्ट सांगितली.

३. ते 'गुरुजी' कसे झाले? आयुष्यभर शिक्षक होते का?

नाही. शाळेत त्यांनी शिकवलं फक्त सहा वर्षं. १९२४ ते १९३०, अमळनेरच्या शाळेत (पुढे ती प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली). पण सोबत वसतिगृह होतं, आणि खरे 'गुरुजी' झाले ते तिथे. मुलं वर्गात गेली की हे त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, कपडे धुऊन वाळत घालत. रागावत नसत. आपल्या खोलीचा केर सरांनी काढलेला पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगा आपणहून झाडू हातात घेई.

लेखक म्हणूनही त्यांची घडण तिथलीच. वसतिगृहाच्या मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचं दैनिक काढत. पुढे 'विद्यार्थी' नावाचं मासिक काढलं. 'मुलांसाठी लिहायचं' असं ठरवून ते लेखक झाले नाहीत. समोर मुलं होती, त्यांना उद्या सकाळी काहीतरी वाचायला द्यायचं होतं, म्हणून रात्री लिहीत बसायचे. त्यांच्या वाक्यांची ती छोटी-छोटी, समोर बसून सांगितल्यासारखी ठेवण या सवयीतून आली, असं माझं मत आहे.

१९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्यानंतर ते शाळेत परतले नाहीत, 'गुरुजी' मात्र मरेपर्यंत राहिले.

४. 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली हे खरं की दंतकथा?

बऱ्याच अंशी खरं, पण एक पोटतपशील सुटतो.

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, लेखन सुरू झालं आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे, ते थांबलं. दिवसा तुरुंगातली कामं आणि उरलेल्या वेळात लेखन. या बैठकीत छत्तीस 'रात्री' झाल्या. पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण आश्रमात रोज रात्री प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी रचना आहे. बाकीच्या नऊ रात्री गुरुजींनी तुरुंगाबाहेर आल्यावर लिहिल्या. झाल्या पंचेचाळीस. त्यातल्या तीन त्यांनी स्वतःच गाळल्या. म्हणून आपल्या हातातल्या पुस्तकात बेचाळीस रात्री आणि सुरुवातीचा 'प्रारंभ' असतो.

म्हणजे 'अख्खं पुस्तक पाच दिवसांत' हे काटेकोरपणे बरोबर नाही. पण पाच दिवसांत छत्तीस प्रकरणं म्हणजे दिवसाला सात! मी एकदा शनिवारच्या मुलांना सांगितलं, फक्त एक 'रात्र' बघून वहीत उतरवा. पाऊण तासात निम्म्या मुलांनी वह्या खाली ठेवल्या, बोटं दुखायला लागली. तेव्हा तो आकडा त्यांना कळला.

आणखी एक हिशेब करून पाहा. तेव्हा गुरुजी ३३ वर्षांचे होते आणि आई जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. ती गेली १९१७ साली, आणि शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. पाच दिवसांत सुचलेलं हे पुस्तक नाही. पंधरा वर्षं आत साचलेलं होतं, ते पाच दिवसांत बाहेर आलं.

५. पुस्तक छापून कधी आलं?

१९३५ साली. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने (आताचं पुणे विद्यार्थी गृह) ते पुढे वर्षानुवर्षं छापलं. निळसर मुखपृष्ठाची स्वस्त प्रत ज्यांच्या घरी होती, त्यांना हे नाव मुखपृष्ठावर पाहिल्याचं आठवत असेल.

६. श्याम म्हणजे स्वतः साने गुरुजीच ना? मग ही आत्मकथा म्हणायची का?

श्याम म्हणजे गुरुजीच. गाव, घर, वडिलांची ओढाताण, धाकटी भावंडं, दापोलीची शाळा, सगळं त्यांच्या आयुष्यातलं. पण 'आत्मकथा' या खणात टाकायला मी कचरते. आत्मकथेत लेखक मोठा होत जातो. इथे श्याम लहानच राहतो आणि मोठी होत जाते ती आई. शिवाय गोष्ट सांगणारा श्याम आश्रमात बसलेला, थोडा उपदेशक झालेला तरुण आहे. तो मधूनच थांबून दोन परिच्छेद प्रवचन करतो. मोठ्याने वाचताना ते परिच्छेद मी गाळते आणि त्याबद्दल मला अपराधी वगैरे वाटत नाही. परीक्षेत मात्र 'आत्मकथनात्मक' लिहा, मार्क जाणार नाहीत.

७. 'धडपडणारा श्याम' आणि 'धडपडणारी मुले' एकच पुस्तक आहे का?

नाही. दर वर्षी कुणीतरी एकाच्या जागी दुसरं मागवतं. 'श्याम' आणि 'धडपडणारा श्याम' ही श्यामच्या शिक्षणाची, म्हणजे दापोली-औंध-पुण्याच्या दिवसांची पुस्तकं (प्रश्न २ पाहा). 'श्यामची आई' वाचून मूल 'पुढे काय झालं?' विचारेल तेव्हा ही द्यावीत. 'धडपडणारी मुले' ही वेगळी कादंबरी. तिच्यात स्वामी नावाचा शिक्षक आणि त्याच्याभोवतीची मुलं आहेत. अमळनेरचं वसतिगृह तिच्यामागे उभं आहे, हे ओळखायला वेळ लागत नाही.

८. 'श्यामची आई' सोडून मुलांसाठी त्यांनी काय लिहिलं? आम्हाला दुसरं काही माहीतच नाही.

हाच प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांबणार.

एका पुस्तकाने लेखकाला झाकून टाकल्याचं मराठीत याहून मोठं उदाहरण नसेल. गुरुजींच्या पुस्तकांची संख्या बरीच मोठी आहे, आणि त्यातली निम्मीअधिक मुलांच्या व कुमारांच्या हाती देण्याजोगी आहेत. आमच्याकडे एक आख्खा कप्पा त्यांचा आहे. 'श्यामची आई'च्या चार प्रती फाटून पाचवी आली, बाजूच्या पुस्तकांवर मात्र शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा.

सुरुवात 'गोड गोष्टी'पासून करा. परदेशी कादंबऱ्या वाचून गुरुजी त्या मराठी मुलांसाठी आपल्या शब्दांत सांगत. 'मनूबाबा' हे त्यातलं माझं लाडकं. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या 'सायलस मार्नर' या कादंबरीवरून ते बेतलेलं आहे. कंजूष विणकर, चोरीला गेलेल्या मोहरा, आणि त्या मोहरांच्या जागी अचानक सापडलेलं एक पोर. गुरुजींनी त्याला असं काही मराठी करून टाकलंय की हातमागाचा आवाज आपल्याच गल्लीतून येतोय असं वाटतं. गेल्या पावसाळ्यात मी ते चार शनिवारांत वाचलं. चौथ्या शनिवारी एक मुलगा, जो एरवी खिडकीत बसून चिंचा खातो, पुढे येऊन बसला.

मग 'मिरी', 'तीन मुले', 'गोप्या', 'करुणादेवी'. 'गोप्या'त खेडं आहे, शेतकरी आहे, अन्याय आहे. इथे आईच्या पदराची ऊब शोधू नका. हे लिहिणारा माणूस खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या सभा घेऊन आलेला आहे (प्रश्न १० पाहा).

थोड्या मोठ्या मुलांसाठी 'भारतीय संस्कृती' आणि 'इस्लामी संस्कृती'. पहिलं सगळ्यांना नावाने तरी माहीत असतं, दुसरं असल्याचंच अनेकांना ठाऊक नसतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. आणि 'स्त्री-जीवन' विसरू नका. जात्यावर, पाळण्याशी, सासरी-माहेरी बायकांनी म्हटलेल्या ओव्या त्यांनी गोळा करून त्यांचे दोन भाग केले. एका ब्रह्मचारी माणसाने बायकांच्या ओव्या गोळा करत हिंडावं, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं असेल. मला वाटत नाही. आईच्या तोंडच्या ओव्या ऐकत जो मोठा झाला, त्यानेच हे करायला हवं होतं.

९. 'गीता प्रवचने' साने गुरुजींची की विनोबांची?

प्रवचनं विनोबांची, लेखणी गुरुजींची. १९३२ साली दोघंही धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. असे अठरा रविवार. गुरुजी समोर बसून उतरवून घेत. लघुलिपी वगैरे काही नाही, साधं भराभर लिहिणं. त्यांच्या हाताला तो वेग नसता तर आज ते पुस्तक आपल्यापुढे नसतं. आणि पुढच्याच फेब्रुवारीत नाशिकला काय घडलं, ते प्रश्न ४ मध्ये आलंच आहे. आदल्या वर्षाचा तो सराव तिथे कामी आला असावा, अशी माझी आपली एक अटकळ.

१०. शाळेतली प्रार्थना 'खरा तो एकची धर्म' त्यांचीच का? आणि 'आता उठवू सारे रान'सुद्धा?

दोन्ही त्यांचीच. 'बलसागर भारत होवो'ही. त्यांच्या 'पत्री' या कवितासंग्रहातल्या देशभक्तिपर कवितांमुळे ब्रिटिश सरकारने तो संग्रह जप्त केला होता.

'आता उठवू सारे रान' त्यांचं आहे म्हटल्यावर लोक थबकतात. मोर्चात, डफावर ऐकलेलं असतं ना! 'हळवे' गुरुजी आणि शेतकऱ्यांच्या राज्यासाठी प्राण पणाला लावायला सांगणारं गाणं यांची सांगड बसत नाही. पण १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनासाठी राबणारे, १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक चालवणारे, गिरणी कामगारांत आणि शेतकऱ्यांत वावरणारे गुरुजी हेच. प्रार्थना लिहिणारा एक आणि हे लिहिणारा दुसरा, असे दोन साने गुरुजी नव्हते.

११. त्यांना तमिळ येत होतं का?

येत होतं, तेही तुरुंगाच्या कृपेने. सरकारने त्यांना त्रिचनापल्लीच्या (आताचं तिरुचिरापल्ली) तुरुंगात पाठवलं. आजूबाजूला दक्षिणेतले राजबंदी. गुरुजी त्यांच्याकडून भाषा शिकायला बसले आणि तिरुवळ्ळुवरांचा 'कुरल' मराठीत आणला. आपण शेजारच्या प्रांताचं साहित्य वाचतच नाही ही खंत तिथून मनात बसली. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली, तिची मुळं त्या कोठडीत आहेत. भारतातल्या भाषांनी एकमेकींच्या घरी जावं, मुलांनी दुसऱ्या प्रांतात राहून यावं, असा तो विचार.

१२. पंढरपूरचं उपोषण नेमकं काय होतं?

विठ्ठलमंदिर तेव्हा अस्पृश्यांना बंद होतं. ज्या वारीत चोखोबांचे अभंग गायले जातात, त्या वारीच्या शेवटी चोखोबांच्या वंशजांनी मात्र पायरीशी थांबायचं. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला, सभा घेतल्या, राष्ट्र सेवा दलाची कलापथकं सोबत होती. त्यातून वातावरण तयार झालं. मग १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसायचं ठरवलं आणि बसले. १० मे रोजी मंदिर उघडण्याचा निर्णय पदरात पडल्यावर ते सोडलं.

स्वातंत्र्य मिळायला तेव्हा तीन महिने उरले होते. 'स्वातंत्र्य तोंडावर आलं असताना हे आता कशाला?' असं म्हणणारे आपल्याच बाजूचे लोक पुष्कळ होते.

भाषण लिहिणाऱ्यांना एक विनंती: 'गुरुजींनी दलितांना मंदिर मिळवून दिलं' असं एकट्याच्या नावावर लिहू नका. काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० सालीच नाशिकला सुरू झाला होता. गुरुजी सवर्णांच्या मनाचं दार ठोठावत होते. ते काम वेगळं, आणि तेही कुणीतरी करायलाच हवं होतं.

१३. 'साधना' साप्ताहिक त्यांनीच सुरू केलं का? अजून निघतं का?

हो आणि हो. पहिला अंक १५ ऑगस्ट १९४८ चा. गुरुजींना ते चालवायला दोन वर्षंही मिळाली नाहीत. पुढे यदुनाथ थत्ते, ना. ग. गोरे, वसंत बापट, ग. प्र. प्रधान, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या संपादकांनी ते जपलं. आज ते पुण्याहून निघतं.

१४. लग्न केलं नव्हतं, मग पुस्तकातली 'सुधा' कोण?

पुतणी. गुरुजी अविवाहित होते. 'सुंदर पत्रे' ही त्यांनी सुधाला लिहिलेली पत्रं, 'साधना'तून येत असत. एका मुलीला उद्देशून लिहिलेली पण सगळ्या मुलांनी वाचावीत अशी. पक्षी, झाडं, पाऊस, देशात चाललेलं राजकारण, नुकतं वाचलेलं पुस्तक, सगळं त्यात आहे. 'श्यामची पत्रे' हे याहून वेगळं पुस्तक आहे. दोन्ही मागवताना नाव नीट पाहा.

१५. सिनेमा कोणता दाखवू, जुना की नवा?

जुना आचार्य अत्रे यांचा, १९५३ चा. वनमाला आई, माधव वझे श्याम, संगीत वसंत देसाई यांचं. 'भरजरी गं पितांबर' त्यातलंच. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं पहिलं सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळालं. नवा २०२३ चा, सुजय डहाके दिग्दर्शित. कृष्णधवलच. ओम भूतकर त्यात गुरुजी झाले आहेत. त्यालाही ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला.

दहा वर्षांखालच्या मुलांना जुना. तो संथ आहे, पण वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरून मुलांची नजर हलत नाही. नवा थोड्या मोठ्यांना, कारण त्यात तुरुंगातले गुरुजी आणि लहानपणीचा श्याम दोन्ही आहेत. आणि दोन्हींच्या आधी पुस्तक. हे सांगायला नको, तरी सांगते.

१६. आजच्या मुलांना हे पुस्तक द्यावं का? फार रडकं आहे. शिवाय त्यात आई मारते, आणि जातीचं काय?

रडकं आहे, मान्य. श्याम फार रडतो. एका मुलाने मला विचारलं होतं, "याला पाणी कमी नाही का पडत?" मी हसले, उत्तर सुचलं नाही. पण पुस्तकात रडण्याखेरीज बरंच आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील एक अक्षर न बोलता अळणी भाजी जेवून उठतात, ती रात्र वाचा. कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. मी ती वाचली त्या संध्याकाळी एका मुलाच्या आईचा फोन आला: "आज पोळी करपली होती, आणि हा काहीच बोलला नाही, बरं नाही वाटत का त्याला?"

मारण्याचं. पोहायला जायचं टाळून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपते. ते आज 'संस्कार' म्हणून सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी ती रात्र वाचते आणि मग मुलांना विचारते, न मारता आईला काय करता आलं असतं? पंचवीस उत्तरं येतात. एक होतं, "आईने आधी स्वतः उडी मारायची."

जातीचा प्रश्न अवघड. मोळी विकणाऱ्या महार म्हातारीचा प्रसंग घ्या. तिची मोळी डोक्यावर चढत नाही, आई श्यामला सांगते जा, हात लाव, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. गुरुजींना दाखवायचाय तो आईचा मोठेपणा. आजचा वाचक 'आंघोळ'पाशी अडतो आणि त्याने अडायलाच हवं. काही पालक म्हणतात हा भाग गाळा. मी गाळत नाही. प्रवचन गाळणारी मी (प्रश्न ६) हे का ठेवते? कारण शतकापूर्वीच्या कोकणात सर्वांत दयाळू बाईची दयाही आंघोळीशी येऊन थांबत होती, हे मुलांना इतिहासाच्या धड्यापेक्षा इथे जास्त कळतं. आणि याच बाईचा मुलगा पुढे पंढरपूरला जाऊन काय करतो, ते त्यानंतर लगेच सांगावं.

वय? वाचून दाखवणार असाल तर आठच्या पुढे. स्वतः वाचणार असेल तर अकरा-बारा. सलग वाचायची सक्ती नको. रात्री आहेत त्या, एकेक रात्र.

१७. त्यांचा मृत्यू कसा झाला? मुलांना सांगावं का?

११ जून १९५० रोजी मुंबईत. त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. पन्नाशी पार करून सहा महिनेही झाले नव्हते. कारणांविषयी लोक छातीठोकपणे बोलतात. मी बोलत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं होतं, त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत असं त्यांच्या जवळच्यांनी लिहिलंय. माणसाच्या मनात शेवटी काय होतं, ते एका ओळीत बसत नाही.

लहान मुलांसमोर 'त्यांचं निधन झालं' एवढं पुरे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने सरळ विचारलं तर खोटं सांगू नये. दुसऱ्यांचं दुःख सतत वाहणारा माणूसही थकतो, आणि थकला की त्याने कुणाला तरी सांगायला हवं, कुणीतरी ऐकायला हवं, असं मी सांगते. त्याला 'बलिदान' किंवा 'महानिर्वाण' असल्या शब्दांनी सजवू नका. विचारणाऱ्या मुलाच्या किंवा तुमच्या स्वतःच्या मनात असं काही घोळत असेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

१८. आम्हाला शाळेत नाटक बसवायचंय / पुस्तक छापायचंय / रेकॉर्ड करून टाकायचंय. परवानगी कुणाची?

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की साठ वर्षं कॉपीराइट चालतो. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे तो २०१० च्या अखेरीस संपला. १ जानेवारी २०११ पासून मूळ लेखन सर्वांसाठी खुलं आहे. म्हणूनच बाजारात इतक्या प्रकाशकांच्या प्रती दिसतात, आणि काहींत छपाईच्या चुका ढिगाने.

अपवाद लक्षात घ्या. एखाद्याने अलीकडे केलेला अनुवाद, संक्षेप, चित्रं, नाट्यरूपांतर यांचे हक्क ज्याचे त्याचे असतात. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजतात. २०२३ च्या सिनेमातलं दृश्य उचलून टाकू नका.

१९. नातवंडं परदेशात आहेत, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. काय द्यावं?

शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये आला आहे, तो द्या. पण माझा अनुभव वेगळा सांगते. आमच्याकडच्या एक आजी रविवारी सकाळी फोनवर नातीला एकेक रात्र वाचून दाखवतात. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते. बेचाळीस रविवार. पुस्तकाच्या रचनेतच ही सोय आहे. अडलेला शब्द, 'शिंपटी', 'माळा', 'पत्रावळ', आजी तिथल्या तिथे सांगतात. पत्रावळीसाठी त्यांनी कॅमेऱ्यासमोर पानं टाचून दाखवली म्हणे.

२०. पालगडला बघण्यासारखं काय आहे?

त्यांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलं आहे. दापोलीला जाणार असाल तर आवर्जून वाट वाकडी करा, पावसाळ्यात गेलात तर आणखी चांगलं. शाळेची सहल मुक्कामाची काढायची असेल तर रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची शिबिरं होतात. जाण्याआधी फोन करून विचारा.

२१. भाषणासाठी गुरुजींचं एक छानसं वाक्य द्या ना. व्हॉट्सॲपवर आलेलं हे चालेल का?

बहुतेक नाही चालणार. गेल्या डिसेंबरात मला 'साने गुरुजी' अशी सही असलेली सात वाक्यं आली. त्यातल्या एकात 'पॉझिटिव्ह' हा शब्द होता.

पुस्तक उघडून स्वतः शोधा, आणि वाक्यापुढे पुस्तकाचं नाव व कितवी रात्र ते लिहा. अर्धा तास जाईल. आठवीतल्या एका मुलाला मी असंच वाचनालयात बसवलं होतं. वाक्य शोधता शोधता तो पायाला घाण लागू नये म्हणून आई दगडावर पदर पसरते त्या रात्रीपाशी पोचला आणि तिथेच वाचत बसला. भाषणात त्याने वाक्य म्हटलंच नाही, ती गोष्ट सांगितली. नंबर आला नाही. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे, मुदत संपून तीन आठवडे झालेत, आणि मी अजून मागितलेलं नाही.